एक मिनिट, दाखवतो

असिस्टंट कोच होऊन अनुपला मिळणार तरी काय होतं? टाळ्या नाहीत, पेपरात फोटो नाही, आणि वर हेड कोच म्हणून मी... दीक्षा, त्याच्याहून चार वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी तर अकोल्याच्या फुटबॉल मैदानावर मी त्याला बघ्या समजून हटकलं होतं, "ओ भाऊ, लाइनीच्या बाहेर!"

"मी तुमचा असिस्टंट आहो, मॅडम," तो हसला. हसायला नको तेव्हाच हा हसतो.

दहा वर्षं स्ट्रायकर होता. गुडघा गेला, सवय गेली नाही. मी कॉलेजच्या पोरींना पेनल्टी शिकवायला घेतली की हा मध्ये, "एक मिनिट, दाखवतो." धाड... गोल! पोरी टाळ्या वाजवत बसायच्या. पहिल्या आठवड्यात त्याचे एक्केचाळीस गोल, सगळ्या पोरींचे मिळून सहा.

"सर, स्पर्धेत तुमीच खेळणार आहा काय?" शेवटी मीच विचारलं.

"बोलावलं तं येतो ना..."

"यंदा फायनल जिंकली नाही तर कॉलेज पोरींचा संघ बंद करून राह्यलं. समजते काय?"

दुसऱ्या दिवशी तो चक्क चपला घालून आला. "आता किक मारता येत नाही. पण तुमी रागावणं कमी करा. झोप लागत नाही मले."

"काहून?"

"...जाऊ द्या."

तेव्हापासून तो पेनल्टीसाठी निवडलेल्या आचलच्या किका माझ्याशेजारी उभा राहून बघू लागला. जरा जास्तच शेजारी. मीही सरकले नाही, हेही खरं.

फायनल अमरावतीत. एक-एक बरोबरी, शेवटचं मिनिट, आम्हाला पेनल्टी. आचलने बॉल ठेवला आणि अनुपकडे पाहिलं. त्याचा पाय लाइनीपर्यंत गेला.

"खबरदार," मी म्हणाले.

त्याने मैदानाकडे पाठच केली. "माह्याच्यानं पाहवत नाही. तुमी सांगा."

"मागे आली... श्वास घेतला..."

"मॅडम, लग्न कराल माह्याशी?"

"आत्ता? अहो, आत्ता—?"

"नंतर हरलो तं तुमी रागात राहाल, जिंकलो तं गर्दीत. इचारू कवा?"

मुद्दा बिनतोड होता, म्हणून तर जास्त चीड आली. मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. "हो! हो म्हटलं ना! आता बाजूला—"

मैदानात एकच कल्ला उठला. पोरी आचलवर कोसळल्या होत्या. बॉल जाळीत निवांत पडला होता.

आचलला गोल मिळाला, पोरींना संघ, अनुपला होकार. तीन महिने घोटून घेतलेली ती किक अख्ख्या मैदानात दोघांनीच पाहिली नाही. त्यातल्या एकाने आपणहून पाठ फिरवली होती. गमावली ती फक्त मी.