तीन चाळीसची सही

सोमवारी सकाळी पावणेनऊला स्वरालीचा फोन वाजला, तेव्हा ती टाउन हॉलच्या दारात छत्री झटकत होती.

"मेयर अजूनही म्हणताहेत, ती सही त्यांची नाहीच," पलीकडून चीफ एक्झिक्युटिव्हचा घोगरा आवाज आला. "प्रणवची सुनावणी चारला आहे. त्याआधी मला कळायला हवं, सही कोणाची?"

वेदरफर्ड कौन्सिलने कायदा मोडू नये, हे पाहणं स्वरालीचं काम. एरवी कंटाळवाणं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, मेयर म्हणजे गावाचा राजा. इथे तसं काही नाही. मेयरने फिती कापायच्या, बक्षिसं वाटायची. गाडा हाकतो पगारी चीफ एक्झिक्युटिव्ह. फक्त आणीबाणीत नगरसेवकांना फेरविचाराचे पाच दिवस न देता एखादा हुकूम तडकाफडकी अमलात आणायचा असेल, तर मेयरची लेखी संमती लागते. एवढी एकच खरी ताकद त्या पदाला, आणि नेमकी तीच गेल्या मंगळवारी वापरली गेली होती.

नदी फुगली होती. मिलजवळचा पाणदरवाजा बंद करा, असा हुकूम निघाला. हाय स्ट्रीट वाचला आणि पाणी ऑझियर लेनमध्ये घुसलं. दुसऱ्या दिवशी एक्याऐंशी वर्षांच्या मिसेस प्रिचर्ड स्वतःच्या किचनमध्ये बुडालेल्या सापडल्या.

संमतीच्या फॉर्मवर वेळ होती दुपारी तीन चाळीस. फॉर्म आणला होता आपत्कालीन विभागातल्या प्रणवने. नागपूरचा पोरगा, वर्क व्हिसावर आलेला. खोटी सही केल्याचं सिद्ध झालं तर नोकरी जाणार, त्यापाठोपाठ व्हिसा, आणि पोलीस दारात उभे राहणार ते वेगळेच.

आणि मेयर कोण? नंदाकाकू. वेदरफर्डमधल्या प्रत्येक मराठी घराची काकू. सात वर्षांपूर्वी स्वराली दोन बॅगा घेऊन इथे उतरली, तेव्हा पहिले तीन आठवडे ती काकूंच्याच वरच्या खोलीत राहिली होती.

गेल्या आठवड्यातच सस्पेंड झालेला प्रणव दाढी न करता आला होता. डोळे तारवटलेले.

"पहिल्यापासून सांग," स्वराली म्हणाली.

"बॉस कंट्रोल रूममध्ये अडकले होते. म्हणाले, मेयरची सही आण. मी काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, साडेतीनला टाउन हॉलच्या मागच्या दाराशी थांब."

"आल्या?"

"आल्या. मला आत तिजोरीच्या खोलीत बोलावून घेतलं. बेसमेंटमध्ये पाणी शिरल्यामुळे लाइट गेलेली, त्यात कॅमेरेही बंद. त्यांनी टेबलावरच्या एका पेटीवर फॉर्म ठेवला, सही केली आणि निघून गेल्या."

"फॉर्म वाचला?"

"नाही. मोबाइलचा टॉर्च मीच धरला होता ना."

"तिथे कशाला आल्या होत्या?"

"मी विचारलं नाही गं. त्यांना प्रचंड घाई होती."

स्वरालीने फॉर्म पुन्हा उजेडात धरला. सही वाकडी होती, मध्येच कागदाला भोक पडलं होतं. काकूंची नेहमीची सही मोत्यांच्या ओळीसारखी. कुणीही म्हणालं असतं, ही बनावट.

नंदाकाकू मेयरच्या दालनात बसल्या होत्या. खिडकीबाहेर नदी पुन्हा चढत होती, चहाच्या रंगाची.

"त्याचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "मी स्पष्ट सांगितलं, मी मेडनहेडला आहे, डेप्युटी मेयरना गाठ. तिथे देवयानीकडे आपल्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं. एक ते सहा तिथेच होते मी. विचार तिला, फोटोही असतील. पोरगं घाबरलं असेल गं. मला त्याचा राग नाही."

स्वरालीला मनातून हायसं वाटलं, आणि त्याची तिला लगेच लाजही वाटली.

देवयानीने फोन उचलताच गप्पांचा नळ सोडला. "आल्या होत्या ना काकू! काळी पैठणी, झकास दिसत होत्या. थांब, पाठवते."

दोन फोटो आले. पहिला दोन वाजून दहा मिनिटांचा. काकू तिळगुळाचं ताट घेऊन सोफ्यावर, गळ्यात फक्त मंगळसूत्र. दुसरा पाच वाजून पाच मिनिटांचा. पंधरा बायका दाटीवाटीने उभ्या, मधोमध काकू, आणि काळ्या पैठणीवर मेयरपदाची खूण असलेली सोन्याची भली थोरली चेन.

"त्या मध्ये कुठे गेल्या होत्या का?" स्वरालीने विचारलं.

"लक्षात नाही बाई. वाणं लुटण्यात गुंग होतो आम्ही. का गं?"

स्वराली डेरेककडे गेली. टाउन हॉलच्या समारंभांची व्यवस्था बघणारा म्हातारा. तेवीस वर्षं मेयरची चेन तोच सांभाळत होता.

"मंगळवारी चेन कुठे होती?"

"तिजोरीत. दुपारी बाराला मी स्वतः ठेवली आणि पुरासाठी वाळूची पोती रचायला गेलो."

"मेयर मेडनहेडला घालून नाही गेल्या?"

डेरेक दुखावला. "दुसऱ्या गावच्या हद्दीत चेन घालायची तर तिथल्या मेयरची परवानगी लागते. ती आम्ही मागितलीच नव्हती. मॅडम जरा हिरमुसल्या, पण तशाच गेल्या."

"तिजोरीच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्या खिशात, एक त्यांच्याकडे."

"चेनची पेटी दाखवता?"

त्याने ती टेबलावर ठेवली. कातड्याची, वरून कापूस भरलेली. स्वरालीने तिच्यावर कोरा कागद ठेवून आपली सही केली. पेन रुतलं, कागदाला भोक पडलं.

ती तिथेच खुर्चीवर बसली. उत्तर सापडलं होतं, आणि ते तिला नको होतं.

साडेतीनला दालनात चौघं होती. चीफ एक्झिक्युटिव्ह, प्रणव, काकू आणि स्वराली. तिने दोन्ही फोटो टेबलावर मांडले.

"बारा वाजता चेन इथल्या तिजोरीत होती. दोन दहाला मेयर मेडनहेडला होत्या, चेनशिवाय. पाच पाचला त्याच घरात, त्याच साडीत, चेन घालून. चेन चालत गेली नाही. दुसरी किल्ली फक्त मेयरकडे आहे. गाडीने वीस मिनिटांचा रस्ता, उंचावरून जाणारा, म्हणून त्या दिवशीही चालू होता. मधल्या तीन तासांत त्या इथे आल्या होत्या."

"पण सही वेगळी आहे," चीफ एक्झिक्युटिव्ह म्हणाला.

"अंधारात, चेनच्या मऊ पेटीवर केलेली सही अशीच येते. मी करून पाहिली. प्रणवने आधीच सांगितलं होतं की सही एका पेटीवर झाली. ती कसली पेटी हे त्याला माहीतसुद्धा नव्हतं. खोटं रचणारा माणूस असला तपशील कशाला घालेल?"

काकूंनी फोटोंकडे पाहिलंच नाही.

"बायका मागे लागल्या," त्या अगदी हळू म्हणाल्या. "मेयर आणि चेन नाही? म्हटलं, पटकन घेऊन येते. तेवढ्यात याचा फोन आला. सगळ्या फोटोसाठी खोळंबल्या होत्या रे. मी वाचलं नाही. ऑझियर लेनमध्ये पाणी जाईल असं लिहिलंय, हे पाहिलंच नाही मी." त्यांनी खिडकीबाहेर नदीकडे पाहिलं. "बुधवारी ती बाई सापडली. लोकांना काय सांगू? फोटोसाठी घाईत होते म्हणून?"

सही खरी होती, म्हणजे हुकूमही कायदेशीर होता. मिसेस प्रिचर्ड नियमाला धरून बुडाल्या होत्या, आणि आता हे वाक्य अहवालात स्वरालीलाच लिहायचं होतं.

"सुनावणी रद्द," चीफ एक्झिक्युटिव्ह उठत म्हणाला. "मॅडम, तुमचा जबाब पोलिसांना लागेल."

काकूंनी प्रणवपुढे हात जोडले. "बाळा, मला माफ कर. तुझं वाईट व्हावं असं माझ्या मनात कधीच नव्हतं."

प्रणव इतका वेळ मान खाली घालून बसला होता. त्याने वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि तेच स्वरालीला बघवेना.

"सस्पेंड झाल्यापासून रोज संध्याकाळी तुम्ही मला डबा पाठवत होता, काकू," तो म्हणाला. "मला वाटलं, एवढ्या गावात तुमचा तरी माझ्यावर विश्वास आहे."