सुवर्णाची जागा

निपाणीतल्या एका लॅबमध्ये शिवराज रक्त तपासायचा. सकाळी कोगनोळीहून पहिल्या एसटीनं जायचा, दुपारी तीनला घरी. बारा वर्षं लोकांच्या पेशी मोजून त्याचा देवधर्म पार पातळ झाला होता, विश्वास काय तो रिपोर्टवर. म्हणून त्याचं दुसरं लग्न ठरलं आणि आई, यशोदाबाई, सवतीचा टाक करायला निघाली, तेव्हा तो नुसता हसला. पहिली बायको वारलेली असली की तिचा चांदीचा टाक दुसरीच्या गळ्यात घालायचा, नवी साडी आधी त्याला दाखवायची, मग नेसायची. घाला बापडे, तो म्हणाला, नखाएवढी चांदी काय करणार आहे.

पहिली पूर्णिमा. डेंग्यूनं जाऊन तिला तीन वर्षं झाली होती. दुसरी सुवर्णा, बेळगुंदीची, आईला एकुलती एक, बोलायला लाजरी आणि कामाला वाघ.

लग्नानंतर पाचव्या महिन्यात एका दुपारी सुवर्णानं चहात सुंठ घातली आणि कप पुढं करत म्हणाली, "घ्या, रिपोर्टवाले."

शिवराजचा हात थांबला. चहात सुंठ घालून त्याला रिपोर्टवाले म्हणणारी जगात एकच होती, पूर्णिमा. आईनं सांगितलं असेल, असं त्यानं मनाला बजावलं. पण आवाज थोडा घोगरा होता, आणि शेवटचं अक्षर पूर्णिमासारखंच ओढलेलं. ते कुठलीही सासू सुनेला शिकवत नाही.

मग ते वाढत गेलं. तास तास सुवर्णा पूर्णिमासारखी बसायची, पूर्णिमासारखी हसायची आणि भानावर आली की घाबरून रडायची. यशोदाबाईनं देवऋषी गाठला. तो कडुलिंबाच्या फोकानं झोडपून बाधा काढायचा. शिवराज आडवा आला.

"आई, ही बाधा न्हाय, आजार हाय. तिच्या अंगाला कुणी हात लावायचा न्हाय."

बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तेच सांगितलं. परक्या घरात आलेली पोर, घरभर मेलेल्या बाईच्या आठवणी, वर तिचाच टाक गळ्यात. मन बिचारं कुठून तरी वाट काढतं. टाक देव्हाऱ्यात गेला. गोळ्या सुरू झाल्या आणि महिन्याभरात पूर्णिमाचा आवाज बंद झाला. सुवर्णा चार घास जास्त जेवू लागली, रोज संध्याकाळी माहेरी आईशी, जयाबाईंशी, फोनवर तासभर बोलू लागली.

गोळी ती शिवराजच्याच हातून घ्यायची. एकदा तळहात पुढं करून म्हणाली, "तेवढी चुकवू नगा. ती आली की मला माझीच जागा सापडत न्हाय बघा. एखाद्या बारीला सापडलीच न्हाय तर?"

त्यानं शब्द दिला. दोन महिने पाळलाही.

पण दुपारचा चहा आता नुसता चहा होता. पूर्वी पूर्णिमाला मोटारसायकलवर मागं बसवून तो तवंदीच्या घाटात मिरचीभजी खायला जायचा. धुक्यात समोरचं दिसेना की ती त्याच्या पाठीवर बोटानं मारुतीचं चित्र काढायची, आणि ओळखा म्हणायची. आजारी बायको बरी झाली याचा आनंद व्हायला हवा होता, आणि त्याला मात्र पूर्णिमा दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटत होतं. या वेळी तिला आपणच रोज सकाळी पाण्याबरोबर घालवतो, असं त्याच्या मनानं घेतलं. एके दिवशी त्यानं सुवर्णाच्या हातावर तशीच पांढरी कॅल्शियमची गोळी ठेवली. तिनं ती विश्वासानं गिळली.

बाराव्या दिवशी चहात सुंठ आली.

आधी तासभर, मग दुपारभर. शिवराज पळत घरी यायचा. ती घाटातलं बोलायची, तुटलेल्या चपलेचं, वाटेत संपलेल्या पेट्रोलचं, आणि तो पोट धरून हसायचा. इतक्या सुखात तो तीन वर्षांत नव्हता.

एका दुपारी ती कप खाली ठेवत म्हणाली, "शेवटच्या दिवशी पेशी किती म्हणून इचारलं, तर ऐंशी हजार सांगितलासा. अठराच हजार होत्या."

तो रिपोर्ट त्यानं एकट्यानं वाचला होता. वाचून फाडला होता. आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"मला कळलं होतं," ती म्हणाली. "तुमास्नी वाईट वाटंल म्हणून गप बसले."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं खरी गोळी पुढं केली. तिनं आधी गोळीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"मला कशाला? आजारी ती होती."

तरी तिनं घेतली. रोज घेतली. नवव्या दिवशीही सुंठच होती.

सुवर्णाचा फोन कुणी उचलेना म्हणून जयाबाई बेळगुंदीहून निघाल्या आणि दुपारी दारात उभ्या राहिल्या. ती पदर सावरत पुढं आली. पाय धुवायला पाणी दिलं, चटई टाकली.

"कुठनं आलासा, मावशी?"

"बेळगुंदीस्नं," जयाबाई कशाबशा म्हणाल्या.

"लेकरंबाळं किती?"

"एकच लेक."

"कुठं दिलीसा?"

जयाबाईंनी शिवराजकडं पाहिलं. त्याला मान वर करता आली नाही.

"हितंच," त्या म्हणाल्या.

"हितं? आमच्या गावात?" तिला मनापासून आनंद झाला. चुलीकडं वळता वळता ती म्हणाली, "मग बलवा की तिलाबी चहाला."