चौकटीबाहेरचा हात

कापसाच्या दिवसांत आदिलाबादच्या बाजारापुढचा रस्ता बैलगाड्यांनी असा भरून जायचा, की लुना हातानं ढकलत न्यावी लागे. त्या सकाळी रेणुका तशीच अडकली होती. शाळेची घंटा व्हायला आलेली, पुढं गाड्या, मागं गाड्या, आणि हवेत कापसाची पांढरी लव तरंगत होती. चौकातल्या शिपायानं घामाघूम होऊन तिला हात केला, "मॅडम, इधर से निकलो," आणि शेजारची गल्ली दाखवली. ती वळली. वळताना नाकात कापूस गेला, शिंक यायला झाली, मान वर गेली... आणि समोरच्या दुकानाच्या गॅलरीत उभा असलेला माणूस तिला दिसला. त्याच्या डोळ्याला कॅमेरा होता. त्यानं तो हळूच खाली घेतला. क्षणभर दोघं एकमेकांकडं पाहत राहिली — मग ती गल्लीत शिरली.

दिवसभर तो तिला उगाच आठवत राहिला. कोणी आपल्याकडं असं थांबून पाहिलं, याला किती वर्षं झाली असतील...

आई लहानपणीच गेलेली. वडिलांच्या आजारपणात लग्नाचं वय निघून गेलं, आणि मागच्या वर्षी वडीलही गेले. आता बयनाबाईंच्या घरामागची एक खोली, मराठी शाळेतली नोकरी, आणि संध्याकाळी एकटीपुरत्या दोन भाकरी. एकटीसाठी रांधताना भाजीत मीठ पडलं की नाही याचंही भान राहत नाही, हे ती नव्यानं शिकत होती. बोलायचं कोणाशी? शाळेत मुलांशी. घरी आल्यावर स्टोव्हशी.

आठवडा गेला आणि चलान आलं, तेही शाळेत. सोबत फोटो. शहरात नवे पोलीस साहेब आले होते, त्यांनी ही टूम काढली होती: चौकावरच्या गॅलरीत फोटोग्राफर उभा करायचा, नियम मोडणाऱ्याचा फोटो काढायचा आणि पुराव्यासकट चलान धाडायचं. त्या गल्लीत दुपारपर्यंत वाहनांना बंदी होती. फोटोत बंदीची पाटी स्पष्ट, लुनाचा नंबर स्पष्ट, आणि तोंड वासून शिंकेच्या बेतात असलेली रेणुका त्याहून स्पष्ट. शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. शिपायाचा हात मात्र फोटोत कुठंच नव्हता.

संध्याकाळी ती तडक त्या गॅलरीखालच्या फोटो स्टुडिओत गेली. काउंटरमागं तोच माणूस बसला होता.

"हा फोटो तुमी काढला?"

"हो... मीच." तो उठून उभा राहिला. "चंपत म्हणतात मले."

"नाव चंपत, अन् धंदा लोकाले पकडायचा?"

त्याच्या ओठांवर हसू आलं, पण तिचा चेहरा पाहून त्यानं ते गिळलं.

"शिपायानं हात केला म्हणून मी वळली," ती म्हणाली. "तो हात कोठी गेला?"

"चौकटीबाहेर राह्यला, बाई."

"मंग तुमचा कॅमेरा खोटा आहे."

"खोटा नाई. जे पुढं येते तेच दाखवते. मोठ्याची जीप असो का गरिबाचा ठेला, तो कोणाले ओळखत नाई. शिपाई ओळखपाळख पाहून सोडून देते. कॅमेरा सोडत नाई. हा न्याय नाई का?"

"ओळखत नाई, हेच तं म्हणून राह्यली मी. माणूस मस्तीनं वळला का कोणाच्या सांगण्यावरून वळला, हे त्याले कसं कळन?"

चंपत खाली पाहत म्हणाला, "त्याले नाई कळत... पण दंड भरून टाका, बाई. कोर्टात पेशीले खेटे कायले घालता?"

"भरणार नाई. जे केलं नाई ते कबूल काऊन करू?"

दुसऱ्या दिवसापासून ती मुद्दाम त्याच रस्त्यानं जाऊ लागली. गॅलरीखाली लुना थांबवायची, मान वर करायची.

"आज काढला का?"

"आज तुमी नियमात आहा."

एकदा तो वरून म्हणाला, "साडीचा रंग चांगला आहे आज. पण काय करता... रोल काळापांढरा भरला आहे."

शाळेत पोचेपर्यंत तिचे कान गरम होते. तिनं स्वतःला दटावलं — आपली तर याच माणसाशी भांडणाची तारीख लागली आहे.

एका संध्याकाळी स्टुडिओसमोरच्या टपरीवर दोघांनी चहा घेतला. थंडी पडली होती. चंपतनं पेला दोन्ही हातांत धरला होता.

"घरी कोण असते तुमच्या?" तिनं विचारलं.

"गाव मुधोळकडं. भाऊ-भावजय आहेत, सणाले जातो. इथं स्टुडिओच्या मागं झोपतो. दिवसभर वरून लोकं पाह्यतो. खाली सारे एकमेकाले हात करतात, हाका मारतात. मले कोणी हाक मारत नाई. वर पाह्यते कोण?"

"मी पाह्यलं न."

"तुमाले शिंक येऊन राह्यली होती."

रेणुका हसली. मोठ्यानं हसली, आणि आपलाच आवाज ऐकून दचकली. मग तिनं हळूच विचारलं, "पेशीत तुमाले बोलावलं आहे. काय सांगान?"

चंपतच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "साहेबाचं काम आहे म्हणून स्टुडिओ चालून राह्यला. मालक दादाजी रोज तेच सांगतात... मले माहीत नाई, बाई, माझं तोंड काय बोलन."

त्यानंतर तो गॅलरीतून खाली पाहीनासा झाला. ती थांबायची, मान वर करायची. त्याचा डोळा कॅमेऱ्यालाच लागलेला असायचा. पुढं पुढं तिनं थांबणं सोडलं. टपरीवरचा तो चहा मनातून जाईना, आणि पहिल्यापेक्षा खोली जास्तच रिकामी वाटू लागली.

पेशीच्या दिवशी ती एकटीच गेली. शिपायानं शपथेवर सांगितलं की आपण कोणालाही हात केला नाही. बिचारा बोलताना घाम पुसत होता. पोलीस साहेब मागंच बसले होते. मग चंपतला बोलावलं. न्यायाधीश तेलुगू, ते हिंदीत विचारत होते.

"फोटो तुमने खींचा?"

"जी."

"इसमें सिपाही का हाथ दिखता है?"

"जी नहीं, साहब."

रेणुकानं मान खाली घातली. झालं, तिला वाटलं. भांडायलाच नको होतं.

"लेकिन हाथ था, साहब," चंपतचा आवाज आला. "कॅमेरे ने नहीं देखा. मैंने देखा."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "इतने लोगों के फोटो खींचते हो. यही कैसे याद रहा?"

पंखा करकरत होता. साहेबांची नजर त्याच्या पाठीवर रुतली होती.

"ये रोज उस रास्ते से आती हैं, साहब..." तो फरशीकडं बघत म्हणाला. "मैं रोज देखता हूं."

मागच्या बाकांवर कोणीतरी खुसखुसलं. न्यायाधीशांनी खाली मान घालून काहीतरी लिहिलं आणि चलान रद्द केलं.

बाहेर लिंबाच्या झाडाखाली चंपत उभा होता. ती जवळ गेली.

"दादाजी कामावर ठेवणार नाईत आता," तो म्हणाला. "मंचेरियलले वळखीचा एक स्टुडिओ आहे. उद्या निंगतो."

"माझ्यामुळं..."

"नाई. तुमच्यामुळं नाई. पाह्यलेलं गिळून घेतलं असतं तं पुन्हा डोयाले कॅमेरा लावता आला नसता."

रेणुका लुनाचं हँडल चाचपत राहिली. मग म्हणाली, "आज जेवाले या."

तो आला. तिनं दार सताड उघडं ठेवलं, आणि अंगणात घरमालकीण बयनाबाई ज्वारी निवडत बसल्या, पाठमोऱ्या, पण कान इकडंच. वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा. बऱ्याच दिवसांनी रेणुका दुसऱ्याच्या ताटाकडं लक्ष ठेवून जेवत होती. चंपतनं भाकरी मागून घेतली. हात धुवून झाल्यावरही तो जायला उठेना.

"एक इचारायचं होतं," तो म्हणाला. "पण... कोणाजवळ इचारू? तुमच्या घरात मोठं कोण आहे?"

"कोणीच नाई."

"काका, मामा...?"

"नाई." तिनं ताट बाजूला सरकवलं. "मलेच इचारा."

अंगणातला सुपाचा आवाज थांबला. चंपतनं मान वर केली आणि सरळ तिच्याकडं पाहत, अडखळत, पण पुरतं विचारलं.

आणि रेणुकानं, त्या घरातलं एकुलतं एक वडीलधारं माणूस म्हणून, होकार दिला.