सात नंबरचं शून्य

इस्त्रीच्या दुकानातली बाई खुर्चीच्या कडेवर बसली, जणू अख्ख्या खुर्चीवर बसायचा आपल्याला हक्कच नाही. तिनं पिशवीतून एक कागद काढला, टेबलावर ठेवला आणि तळहातानं सरळ केला. कागद सरळच होता, पण हाताची सवय कुठं जाते?

"माझी धाकटी बहीण खोटारडी आहे, असं यात लिहिलंय," ती म्हणाली.

वहिनींनी चष्मा नाकावर ओढला. शिंप्याच्या दुकानावरची ही एक खोली म्हणजे वहिनींची तपासाची कचेरी. त्यांचे दीर, म्हणजे आपले भावोजी, तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून झाल्यावर तिथं मदतीला येत. मदत म्हणजे काय, तर चहा सांगणं आणि भलत्याच माणसावर संशय घेणं. दोन्ही कामं ते अगदी मनापासून करत.

कागद पोलीस ठाण्याचा होता. 'दिलेल्या पत्त्याबाबत शीर्षक क्रमांक सात, कौटुंबिक हिंसाचार, याखाली एकही नोंद आढळली नाही.' खाली नोंदकारकुनाची सही.

"दोन वर्षांत सहा वेळा फोन केलाय तिनं," थोरली म्हणाली. "हा फोन कंपनीचा कागद. सहाही फोन ठाण्याला लागलेत. शेवटच्या वेळी पोर मध्ये पडली. सहा वर्षांची आहे. पुढचा दात गेला तिचा. परवा कोर्ट ठरवणार, नवऱ्याला घरापासून लांब ठेवायचं की पोर त्याच्या हवाली करायची. त्याचा वकील म्हणतो, एक तरी नोंद दाखवा."

"आणि धाकटी काय म्हणते?"

"ती बोलायचीच बंद झालीय, ताई. म्हणते, सांगून काय उपयोग? पलीकडे कुणी ऐकतच नव्हतं."

भावोजींनी उगाचच खिडकी उघडली आणि बाहेर बघत उभे राहिले. वहिनींनी कागद पुन्हा एकदा, बोट ठेवून वाचला.

"नोंदवहीची पानं फाडली असणार," जिना उतरताना भावोजी म्हणाले.

"बघू या की. फाडलेल्या पानाचीसुद्धा कड मागं राहते."

ठाण्याच्या गल्लीत दुपारचं ऊन होतं. रस्त्याच्या मधोमध दोन मांजरं पाय पसरून झोपली होती. भावोजी आले तरी त्यांनी डोळा उघडला नाही. शेवटी भावोजींनीच वळसा घातला.

ठाणेदारांच्या खोलीत भिंतभर आकड्यांचा तक्ता होता आणि शेजारी चौकटीत एक पत्र.

"सात नंबर, दोन वर्षं शून्य," ठाणेदार अभिमानानं म्हणाले. "वरून शाबासकी आली. आमच्या हद्दीत घरोघरी शांतता आहे, बाई."

भावोजींना तक्ता दिसला की नकाशा दिसल्यासारखं होई. ते नाक लावून वाचू लागले. "अकरा नंबर, भटकी जनावरं. आधीच्या दोन वर्षांत चार तक्रारी, या दोन वर्षांत एकेचाळीस. साहेब, कुत्र्यांचा सुळसुळाट झालाय की."

"असेल. अकरा नंबर वाचतो कोण? वरचे साहेब फक्त सात नंबर बघतात."

"काठी आणायला हवी होती," भावोजी वहिनींच्या कानात पुटपुटले.

मग हवालदार आला. गोलमटोल, हसरा, बघताच भला वाटावा असा.

"सहाही वेळा मीच गेलो होतो," तो सरळ म्हणाला. "घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच. दोघांना समोरासमोर बसवलं, समज दिली, संपलं. नवरा माझा शाळेपासूनचा दोस्त. मनानं वाईट नाही हो."

"मग नोंद का नाही?"

"सात नंबरची यादी दर आठवड्याला माझ्याकडेच येते. तडजोडीचा शेरा मारला की वर्षानं कागद फाडतात, नियमच आहे. एवढ्यासाठी खटाटोप कशाला? फोनवर बाई काय बोलली ते ठाण्यात चिठ्ठीवर उतरवतात; ती चिठ्ठी कारकुनाला देताना सांगायचो, किरकोळ आहे, वहीत चढवू नका. ते 'बरं' म्हणायचे."

बाहेर आल्या आल्या भावोजींनी टाळी वाजवली. "संपलं, वहिनी. कारकुनानं चिठ्ठ्या केराच्या टोपलीत टाकल्या. चोर सापडला."

"तुम्ही आठवड्याला तीन चोर पकडता, भावोजी. एकाला तरी भेटू या."

तेहतीस वर्षं ठाण्यात असलेल्या नोंदकारकुनाला सगळे रूळकाका म्हणत. माणूस रूळ लावल्याशिवाय रेघ ओढत नसे, आणि स्वतःही तसाच उभा. त्याच्या खोलीत छतापर्यंत कप्पे होते. प्रत्येकावर चिठ्ठी: क्रमांक, विषय, किती वर्षं जपायचं. सात, एक वर्ष. आठ, पाच वर्षं. अकरा, दहा वर्षं.

"मारलेल्या बाईचा कागद एक वर्ष, आणि कुत्र्याचा दहा?" भावोजींना राहवलं नाही.

"तडजोड झाली तर एक. चावल्याचा रोग उशिरा उठू शकतो, म्हणून ते दहा. नियम मी केलेले नाहीत."

"तेहतीस वर्षांत एखादी चिठ्ठी हरवलीत का हो?" वहिनींनी विचारलं.

"नाही."

"टाकून दिलीत?"

रूळकाकांना जणू कुणी शिवी दिली. "चिठ्ठी टाकायची नसते, बाई."

वहिनी उठल्या. दारापाशी पोचल्या तेव्हा मागून हळू आवाज आला.

"त्या पोरीचा दात आला का पुन्हा?"

"येईल," वहिनी म्हणाल्या. "दुधाचाच होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं. ठाणेदार घड्याळ बघत होते. हवालदार दाराला टेकला होता. थोरली कोपऱ्यात उभी होती, मुठीत पदर.

"पहिली गोष्ट," वहिनी म्हणाल्या. "या दाखल्यात 'ठाण्यात नोंद नाही' असं म्हटलेलं नाही. 'सात नंबरखाली नाही' एवढंच आहे. रूळ लावून लिहिणारा माणूस शब्दसुद्धा मोजूनच टाकतो."

"बरं, मग?" ठाणेदार म्हणाले.

"काल यांनी पोरीच्या दाताची चौकशी केली. मी पोरीचं नावसुद्धा काढलं नव्हतं. दाताची गोष्ट फक्त सहाव्या फोनच्या चिठ्ठीत असू शकते. म्हणजे ती यांनी वाचली, आणि मनात ठेवली. चिठ्ठी हरवत नाही, टाकत नाही असं म्हणतात. मग ती कुठं गेली?"

भावोजींची नजर कप्प्यांवरून फिरू लागली.

"भावोजी, काल तक्ता तुम्हीच वाचलात. सात नंबर शून्य झाला त्याच दोन वर्षांत कुत्री चाराची एकेचाळीस झाली. आणि रस्त्यात काय पाहिलंत?"

"मांजरं," भावोजी म्हणाले. "मधोमध झोपलेली." ते थांबले. "जिथं कुत्र्यांचा सुळसुळाट, तिथं मांजर रस्त्यावर झोपेल कशाला? अहो, कुत्री नाहीतच."

"नाहीत. पण अकरा नंबर हवालदारांकडे जात नाही, वरचे वाचत नाहीत, आणि दहा वर्षं कुणी फाडत नाही. जपायचं असेल तर याहून बरी जागा या ठाण्यात नाही. काका, काढता का?"

रूळकाकांनी अकराव्या कप्प्यातून गठ्ठा काढला आणि अलगद टेबलावर ठेवला. एकेचाळीस कागद. चार खरोखरच कुत्र्यांचे. सदतीस बायकांचे. वरच्या सहांवर धाकटीचा पत्ता, तारीख, वेळ, कुठं लागलं, काय म्हणाली, सगळं.

"आधी मीही सातमध्येच चढवायचो," रूळकाका म्हणाले. "एका बाईचे कागद वर्ष झालं म्हणून मी या हातांनी फाडले. दोन महिन्यांनी तिला दवाखान्यात नेलं, ती परत आलीच नाही. तिचा भाऊ विचारायला आला, आधी कधी तक्रार होती का? माझ्याजवळ दाखवायला चिठोरा नव्हता. त्यानंतर नाही फाडला."

"मग मला दाखला देताना का नाही बोललात?" थोरलीचा आवाज चिरकला.

"हवालदार शेजारी उभे होते, ताई. आणि मी भित्रा माणूस. सात एवढंच लिहिलं. वाटलं, कुणीतरी विचारेल, बाकीच्या कप्प्यांत काय आहे? तीन दिवस वाट बघितली." त्यांनी खिशातून पाकीट काढून ठाणेदारांपुढं धरलं. "खोट्या शीर्षकाखाली नोंद केली. राजीनामा आहे."

ठाणेदारांनी पाकीट घेतलं नाही. ते वरचा कागद वाचत होते. मग दुसरा. पाचव्याला त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. हवालदार काही म्हणायला गेला. ठाणेदारांनी मान न उचलताच हात वर केला.

"यातल्या किती घरी तू गेला होतास?"

हवालदार दार सोडून ताठ उभा राहिला.

"आजपासून सातची यादी माझ्याकडे येईल," ठाणेदार म्हणाले. "काका, वही उघडा. सदतीसच्या सदतीस सातमध्ये घ्या, जुन्या तारखांनी. दुरुस्तीवर सही माझी. ते पाकीट ठेवा खिशात. तुम्ही गेलात तर लिहिणार कोण?"

भावोजी चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

त्याच्या दुसऱ्या दिवशी कोर्टात, पहिल्या बाकावर धाकटी बसली होती, हात मांडीवर, नजर जमिनीला. कोर्टाच्या लेखनिकानं सहा नोंदी एकामागून एक वाचल्या. तिसऱ्या नोंदीला तिनं मान वर केली. हे तिचेच शब्द होते, जसेच्या तसे, जिथं ती रडून थांबली होती तिथं 'बाई थांबल्या' असंही लिहिलेलं.

लेखनिक सहावीच्या शेवटाला आला. "'बाईंनी विचारले, पलीकडे कुणी आहे का? त्यानंतर फोन बंद झाला.' नोंद इथं संपते."

न्यायाधीशांनी लेखणी उचलली. तेवढ्यात धाकटी उभी राहिली. थोरलीनं आधाराला हात पुढं केला, पण तो लागला नाही.

"पुढचं मी सांगते," ती म्हणाली.