फटकळबाईंना उत्तर

दोन हजार आठ सालचा श्रावण. कापूरहोळ फाट्यावरच्या सायबर कॅफेत गॅरेजवाला अल्ताफ शिरला तो ट्रॅक्टरच्या डिझेल पंपाचं चित्र शोधायला, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत ग्रीसनं काळे!

"कीबोर्डला हात लावायचा न्हाई," काउंटरवरची तरन्नुम कडाडली. "काय पायजे ते सांगा, मी टाइप करते."

तो बिचारा मुकाट्यानं स्टुलावर बसला. पण पडद्यावर आधीच एक ब्लॉग उघडा होता. 'फटकळ' नावाच्या कुणा बाईनं लिहिलं होतं — गॅरेजवाल्यांचा 'उद्या' कुठल्याच कॅलेंडरात सापडत नाही.

"आयला! ह्या बाईला उत्तर द्यायलाच पायजे. लिवा!"

ती फटकळबाई म्हणजे खुद्द तरन्नुमच, आणि हे घरीदारी कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी तिनं निमूटपणे टाइप केलं — बाई, पुण्याहून पार्ट आला न्हाई तर आमी काय पोटातनं काढू?

मग तो नेमच झाला. पाचच्या सुमारास गॅरेजातून तसाच उठून अल्ताफ यायचा, फटकळबाईंचं नवं मत वाचायचा आणि उत्तर सांगायचा. बाईंची तक्रार, लोक काही न वाचताच 'छान' लिहून पळतात. हा म्हणायचा, "लिवा — तुमाला छान तरी म्हणत्यात. आमच्या गिऱ्हाइकाच्या तोंडून तेबी निघत न्हाई." तरन्नुम हसू दाबत टाइप करायची, आणि सकाळी दुकान उघडल्या उघडल्या त्याला झणझणीत उत्तर लिहायची. बाहेर रिपरिप चालू असायची. त्याच्या कपड्यांना डिझेलचा वास यायचा आणि तो वास तिला... खरं सांगायचं तर, आवडायला लागला होता.

जीव मात्र टांगणीला. खरं कळलं तर हा म्हणेल, मला येडा बनवलं. आणि पुन्हा दुकानाची पायरी चढणार नाही.

दोन महिन्यांनी एका संध्याकाळी तो आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, नजर जमिनीकडे.

"लिवा. बाई, हे शेवटचं उत्तर."

तिची बोटं थबकली. "शेवटचं?"

"लिवा हो तुमी! बाई, आधी तुमच्याशी भांडायला येत हुतो. आता... टाइप करणाऱ्या पोरीसाठी येतो. एकीवर जीव जडल्यावर दुसरीशी रोज बोलणं बरं दिसत न्हाई. पाठवा."

तरन्नुमचे कान तापले. आनंदानं तिला रडूच यायचं बाकी होतं, आणि भीतीही तेवढीच वाटत होती. आता गप्प बसणं म्हणजे निव्वळ फसवणूक.

"पाठवायची गरज न्हाई," ती पुटपुटली. "पोचलं. ती बाई... मीच हाय."

अल्ताफनं पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आपलं एकेक उत्तर त्याला आठवत गेलं असावं, कारण तो मानेपासून कानापर्यंत लाल झाला.

"म्हंजे तुमच्याच हातानं तुमालाच बोलणी बसली?"

"व्हय. एक शब्दबी गाळला न्हाई."

तो उठला, दारापर्यंत गेला. तरन्नुमनं डोळे घट्ट मिटून घेतले.

"मोठी पंचाईत केलीत," दारातून आवाज आला. "अम्मीला सांगून बसलोय, एका पोरीला मागणी घालायचीय. आता काय सांगू — दोघींना?"

डोळे न उघडताच ती म्हणाली, "एकीलाच घाला... दुसरी भांडायला आपोआप येईल."