तेरावा थर

ही गोष्ट रात्रीची नाही. दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमधला दुसरा शनिवार, दुपारचे अडीच, बाहेर लख्ख ऊन. हे आधीच सांगते, कारण अंधारातला भास म्हणून सोडून देता आलं असतं तर आम्ही केव्हाच दिलं असतं.

जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी मावसबहीण. घरात सगळ्यांत धाकटी, म्हणून बारकी. तिच्या तोंडून मी हे तीनदा ऐकलंय. तिन्ही वेळा आकडे तेच होते.

तिच्या बाबांची एक लाकडी होडी होती. त्या शनिवारच्या चार वर्षं पाच महिने आधी ते होडी घेऊन एकटेच समुद्रात गेले. होडी सापडली. रिकामी.

बाबा सापडले नाहीत.

होडी दुरुस्तीच्या आवारातल्या एका शेडमध्ये, टेकूंवर उभी करून ठेवली. बारकी शहरात नोकरीवर परत गेली. ती रडली नाही. "दात काढताना इंजेक्शन देतात ना, तसं झालंय," असं मला म्हणाली होती. "गाल आहे, पण माझा नाही."

मावशी मात्र गावातच राहिली. बारकी दर सुट्टीत तिला शहरात चल म्हणून विनवायची. मावशीचं उत्तर ठरलेलं. "आधी होडीचं काय ते बघ. मग येते."

शेवटी होडी न्यायला एक माणूस तयार झाला. त्याची अट होती, तळाचा जुना रंग पार लाकडापर्यंत काढून द्या.

रंग निघाला की होडी जाणार. होडी गेली की आई येणार. बारकीच्या डोक्यात एवढंच होतं.

तळाला शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून लावतात तो रंग विषारी असतो. कोरडा घासला तर धूळ छातीत जाते. म्हणून ती मास्क, हातमोजे, ओला करून घासायचा वॉटर पेपर आणि पाण्याची बादली घेऊन आली.

आवारातल्या म्हाताऱ्या सुताराने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "रंग काढायला आलीस, का ऑपरेशन करायला?"

"भूल दिलीये काका. होडी ओरडणार नाही."

तो हसला. होडीवरच्या ताडपत्रीच्या गाठी चार वर्षांपूर्वी त्यानेच बांधलेल्या. इतक्या आवळल्या होत्या की सुरीने कापाव्या लागल्या. ताडपत्रीवर बोटभर धूळ होती.

मावशी स्टूल घेऊन बाजूला बसली. अंगात त्या उकाड्यातही जुनाच स्वेटर, होडीच्या कामाला घालायची तो. उजव्या खांद्यावर लाल-निळे डाग.

बाबा दर मार्चमध्ये तळाला रंगाचा एक थर देत. एका वर्षी लाल, दुसऱ्या वर्षी निळा. लालातून निळा दिसायला लागला की समजायचं, इथला रंग झिजला. नऊ वर्षं, नऊ थर. पहिला लाल, म्हणून शेवटचाही लाल.

वरचा थर लालच होता.

बारकीने एका जागी घासायला सुरुवात केली. हळूहळू कडी उमटली, झाडाच्या कापलेल्या बुंध्यावर असतात तशी. लाल, निळं, लाल, निळं… सवयीने तिने मोजली.

तेरा.

चुकलं असेल म्हणून दुसऱ्या बाजूला घासलं.

तेरा.

"दोन-दोन हात दिले असतील," सुतार म्हणाला.

"एका रंगाच्या दोन हातांचं एकच कडं दिसतं, काका. ही एकाआड एक आहेत."

सुतार खाली वाकला. बराच वेळ बघत राहिला. मग "चष्मा घेऊन येतो" म्हणून गेला…

तो परत आला नाही.

एक जागा तपासायची राहिली होती. टेकूच्या गादीखालची, म्हणजे टेकू होडीला टेकतो तिथली. तिथे ब्रश पोचत नाही. त्यासाठी टेकू सरकवावा लागतो आणि त्याला दोन माणसं लागतात. एकाने खांदा लावून होडी धरायची, दुसऱ्याने पाचर ठोकून सैल करायची. बाबा ठोकत. मावशी धरायची.

गादीखाली नऊच निघाले, तर वरचे चार कुणा एकट्याने, कसेतरी दिले असतील. बारकीला नऊ हवे होते.

ती काही बोलायच्या आत मावशी उठली. टेकूशेजारी जाऊन उजवा खांदा होडीला लावला.

"धरलंय."

हातोडा भिंतीपाशी होता. बारकी पाठ फिरवून तो घ्यायला गेली.

टक…

टक…

टक…

ती वळली. टेकू वीतभर बाजूला, नीट उभा होता. मावशीने डोळे मिटले होते. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं.

हातोडा बारकीच्या हातात होता.

तिने गादीखालची जागा घासली. पुन्हा मोजलं.

तेरा.

"आई, टेकू कुणी सरकवला?"

"मला काय विचारतेस? मी नुसती धरते." मग थोड्या वेळाने, "यंदा निळा आहे."

बारकी किंचाळली नाही. पळालीही नाही. सव्वापाचपर्यंत ती घासत राहिली. दुसऱ्या दिवशीही. हातांना काही कळत नव्हतं, म्हणते. बादलीतलं पाणी जांभळं झालं तेवढं आठवतं.

सोमवारी होडी गेली. मावशी एक पिशवी घेऊन शहरात आली, तिसऱ्या मजल्यावर. बारकीने जुना स्वेटर टाकून दिला आणि नवा आणला. करड्या रंगाचा.

गेल्या मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी सकाळी तो स्वेटर खुर्चीवर पडला होता.

उजव्या खांद्यावर तळहाताएवढा डाग… निळा.

तिने बोट लावलं.

ओला होता.

दाराला आतून कडी होती. तिने नव्या मालकाला फोन केला. होडी दोनशे किलोमीटरवर, पाण्यात होती. तळाला त्याने पांढरा रंग दिला होता.

मावशी चहा घेत खांदा चोळत होती. "पुढच्या वर्षी तू धर गं. मला आता झेपत नाही."

बारकी "बरं" म्हणाली.

मी तिला विचारलं, नाही म्हणायला काय झालं होतं?



"कुणी धरलं नाही," ती म्हणाली, "तर होडी बाबांच्या अंगावर येईल ना."

मार्चला अजून सात आठवडे आहेत.