स्टेपनीवरचे नऊ थेंब

दार नीट लावून घ्या. वारा उत्तरेचा आहे, चुलीतल्या शेण्या भराभर जळतील. आपला खारा चहा घ्या आधी. मीठ कमी असेल तर सांगा, माझ्या हाताला हल्ली अंदाज राहिलेला नाही.

गोष्ट बाद्राखची आहे. तुम्ही सगळे पाहुण्यांना घेऊन गोबीत जीप फिरवता, तेव्हा तुम्ही त्याला पाहिलेलं असणार. बुटका, रुंद खांद्यांचा, बोलताना समोरच्याच्या हाताकडे बघणारा. त्यानं ही हकिकत मला तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा ती सारखीच निघाली. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. म्हणजे, नव्हता. सांगताना माझ्याकडून काही कमीजास्त झालं तर दोष माझा समजा, त्याचा नाही.

आणखी एक. या गोष्टीत एक माणूस गेलेला आहे. रात्रीच्या वेळी त्याचं नाव मी घेणार नाही, आणि तुम्हीही विचारू नका. गाव त्याला 'आधीचा' म्हणतं. आपणही तेच म्हणू.

आधीचा म्हणजे दुलमाचा पहिला नवरा. आमच्या दालनझादगाद गावात त्याच्यासारखा ड्रायव्हर नव्हता. उंच, हसरा, वाळूच्या रंगावरून पाणी किती खोल आहे ते सांगणारा. पोटाच्या दुखण्यानं तो एका महिन्यात गेला. बाद्राख त्याचा मित्र आणि त्याच्या गाडीचा मिस्त्री. दीड वर्षानं बाद्राखनं दुलमाशी लग्न केलं. घराबरोबर जीप आली, जीपबरोबर पाहुणे आले, आणि पाहुण्यांबरोबर रोजचा एक प्रश्न आला, "तो उंच ड्रायव्हर कुठं आहे?"

गाडी जुनी जपानी. तिची ड्रायव्हरची सीट आधीच्याच्या पायांच्या मापानं मागे सरकवलेली, आणि रूळ गंजून तिथंच अडकलेले. बाद्राख मिस्त्री असूनही ती हलेना. मग तो पाठीमागे हिवाळी अंगरखा दुमडून ठेवायचा, तेव्हा कुठं पाय ब्रेकला पोचायचे. पेट्रोल पंपावर पोरं विचारायची, "दादा, शिडी देऊ का?" तो हसायचा. घरी येऊन जेवायचा नाही.

पण खरं दुखणं सीटचं नव्हतं. चमच्याचं होतं.

गाडी लांबच्या वाटेला निघाली की बायका मागे दूध शिंपडतात, त्याचा नऊ खळग्यांचा लाकडी चमचा तुमच्या घरीही असेल. एकदा उडवला की नऊ थेंब. दुलमाचा चमचा आधीच्यानं स्वतः कोरला होता. तो गेला तेव्हा तिनं तो त्याच्या उशाशी ठेवून पुरला. बाद्राखच्या मागे ती चहाच्या पळीनं दूध शिंपडायची. पळीचा पडतो एकच फटकारा. बाद्राख प्रत्येक वेळी मुक्कामाला उतरला की मागे जाऊन बघायचा. मागच्या दाराला लटकलेल्या स्टेपनीच्या कव्हरवर एक मोठा पांढरा डाग.

आता ती रविवारची सकाळ. २०१७ सालचा ऑगस्ट, वीस तारीख. सहा दिवसांची फेरी होती. पाहुण्या दोघी बहिणी, हॉलंडच्या, साठी उलटलेल्या. थोरली मारिके, धाकटी हॅनेके. मारिके नऊ वर्षांपूर्वी इथं येऊन गेलेली. हॉटेलच्या दारात तिनं पर्समधून फोटो काढला. फोटोत ती आणि आधीचा, मागे वाळूच्या टेकड्या.

"हा कसा आहे?"

"गेला," बाद्राख म्हणाला.

ती रडली. परक्या बाईनं रडावं, आणि तेही आपल्यासमोर, आपल्याच गाडीला टेकून. बाद्राखनं सामान चढवलं आणि डबे घ्यायला घरी आला. दुलमा दुधाचं भांडं घेऊन बाहेर उभीच होती.

"आज दूध नको," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"शिंपडू नकोस म्हणतोय."

"डोकं फिरलंय का तुझं? सहा दिवसांची वाट आहे."

"त्याला चमचा, आणि मला चहाची पळी."

"मग कोर की तू एक. लाकडाला कुणी नाही म्हटलंय?"

"मी कोरला तर म्हणशील, त्याचा बरा होता."

"म्हणेन की नाही ते कोरल्यावर कळेल. दोन वर्षं नुसता पळीकडे बघत बसलायस."

त्यावर तो जे बोलला ते बोलायला नको होतं. तो म्हणाला, "तू दूध माझ्यावर कुठं शिंपडतेस, गाडीवर शिंपडतेस. आणि गाडी त्याची आहे."

दुलमा भांडं घेऊन तशीच आत गेली. जीप कोरडीच निघाली. पाहुण्या गाडीत होत्या, त्यांना यातलं काही कळलं नाही.

पहिले तीन दिवस बरे गेले. गिधाडांच्या घळीत सावलीला थंडावा होता, बहिणींनी ओढ्यात पाय बुडवले. खोंगोरच्या टेकड्यांवर वाळू घुमली. पण जिथं जावं तिथं आधीचा अगोदरच पोचलेला. उंटवाल्याची म्हातारी लांबूनच हात करत आली, "गाडी ओळखली मी, त्याचीच ना ही?" मग आतला छोटा माणूस पाहून म्हणाली, "असू दे, तूही ये." बाद्राखनं चहा न पिताच वाटी खाली ठेवली.

चौथा दिवस, बुधवार, तेवीस तारीख. दुपारी लाल कड्यांपाशी मारिकेनं फोटो काढण्यात दोन तास घालवले. निघायला साडेचार वाजले. मुक्काम ओंगी नदीकाठच्या तळावर, उत्तरेला दीडशे किलोमीटर. गाडी सुरू झाली तशी हॅनेकेनं विचारलं, "किती वाजता पोचू?"

हो, तुम्ही जीभ चावलीत, बरोबर आहे. असलं विचारायचं नसतं, आणि विचारलं तरी सांगायचं नसतं. वाटेच्या तोंडावर वेळ सांगितली की वाट ती ऐकते. पाहुण्यांना हे ठाऊक नसतं. मारिकेला मात्र ठाऊक होतं. ती हसून बहिणीला म्हणाली, "तो कधीच सांगायचा नाही. नुसता रेडिओ मोठा करायचा."

बाद्राख म्हणाला, "मी सांगतो. नऊला."

बोलला तो. आणि शब्द खरा करायचा म्हणून त्यानं आधीच्याची वाट सोडली. ती वाट उलान नूर सरोवराला पूर्वेकडून वळसा घालते, दगडातून. सरोवर म्हणजे बहुतेक वर्षं नुसती मातीची परात, हे तुम्हाला माहीतच आहे. मधून गेलं तर तास वाचतो. ऑगस्टात मधून कुणी जात नाही. वर डोंगरात पाऊस झाला तर नदी दोन दिवसांनी इथं येते, आकाशात ढगही नसताना.

साडेआठला अंधार पडला. अमावास्या होऊन दोनच दिवस झालेले. चंद्राची कोर आली तशी बुडाली. दिव्यांच्या उजेडात भेगाळलेली पांढरी माती, आणि तिला शेवट नाही. नऊ वाजले. सव्वानऊला चाकांचा आवाज बदलला. आधी पापड मोडल्यासारखा होता, तो मऊ झाला.

मग नाहीसाच झाला.

गाडी रुतली. बाद्राख बॅटरी घेऊन उतरला. पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला. त्यानं फावड्यानं उपसलं, फळी लावली, दोनदा इंजिन रेटलं. मागची चाकं आणखी खाली गेली. फोनला रेंज नव्हती. साडेदहाला त्यानं बॅटरी लांबवर फिरवली, तर जमीन चमकत होती. सगळीकडून.

पाणी. पसरत होतं. आवाज न करता.

वीस मिनिटांनी बघितलं तर ते पायरीला टेकलं होतं. चालत निघावं तर कुठल्या बाजूला? आणि हॅनेकेला काठीशिवाय शंभर पावलं चालवत नव्हतं. तो आत येऊन बसला. दोघी बायका एकमेकींचे हात धरून बसलेल्या.

"दुसरी गाडी येईल का?" मारिकेनं विचारलं.

त्यानं बॅटरी विझवली.

तेव्हा भोंगा वाजला.

तीनदा. लांबून, उजव्या हाताला. वाटेवरच्या देवाच्या दगडांच्या राशीपाशी न थांबता पुढे जाताना आपण वाजवतो तसा. दोन लांब, एक आखूड. आणि तो आखूड... फाटका. सर्दी झालेल्या माणसासारखा.

मारिकेनं मान वर केली. अंधारात तिचा चेहरा उजळला, असं बाद्राख सांगतो.

"हा त्याचा आहे," ती म्हणाली. "हा त्याच्या गाडीचा भोंगा."

बाद्राखला ते तिच्याआधी कळलं होतं. तो भोंगा याच गाडीचा. एप्रिलमध्ये त्यानं तो स्वतःच्या हातानं काढला होता, नवा बसवला होता. जुना घरामागच्या खोपटात पडला होता, तारा तोडून.

पुन्हा तीनदा.

त्याला भीती वाटली नाही. मी त्याला खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, गुरुजी, मला राग आला. इथंही हाच. मी रुतलो तर काढायला हाच, आणि या बाईला आनंद. माझ्या मनात आलं, बुडालो तर बुडालो, याच्या मागे जाणार नाही. आणि मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो.

किती वेळ... ते त्याला सांगता येत नाही.

पाणी दाराच्या फटीतून आत आलं. हॅनेकेनं पाय वर घेतले. वहाणा तिनं उचलून मांडीवर घेतल्या. लहान मुलीसारख्या, छातीशी धरल्या.

त्या वहाणांनी त्याला हलवलं.

त्यानं पाठीमागचा अंगरखा ओढून काढला. खाली उतरला. मागच्या चाकाखाली पाण्यात हात घालून कोंबला. जाड लोकरीचा, आईनं शिवलेला. परत येऊन बसला. आता पाठीला आधार नव्हता. सीट मागे, फार मागे. त्यानं पाय लांब केला.

पोचला.

त्यानं खाली बघितलं नाही.

गियर टाकला. चाकानं अंगरख्याला धरलं. गाडी हलली... थांबली... हलली.

उजवीकडून तीन. तो उजवीकडे वळला. मग काहीच नाही. नुसतं पाणी कापल्याचा आवाज. मग समोरून तीन. मग जरा डावीकडून. दिवा कुठंच नाही. चाकाची खूण नाही. ऐकायचं. वळायचं. ऐकायचं.

बाराला वीस मिनिटं असताना टायरखाली दगड करकरले.

समोर दगडांची रास होती, निळी फडकी बांधलेली. आधीच्याची पूर्वेची वाट. बाद्राखनं इंजिन बंद केलं. कान दिले.

काही नाही.

त्यानं आपला नवा भोंगा तीनदा वाजवला. उत्तर आलं नाही. मारिके बराच वेळ काचेला कपाळ टेकून बसली होती.

पहाटे दोनला तळ आला. सकाळी उजेडात बाद्राख गाडीमागे गेला. टपापर्यंत चिखल वाळला होता, स्टेपनीचं कव्हरही दिसत नव्हतं. आणि त्या वाळलेल्या चिखलावर पांढरे थेंब. तीनाच्या तीन ओळी. त्यानं बोट लावलं. ओलं. वास घेतला. दूध. तळावर विचारलं तर स्वयंपाकीण म्हणाली, "आमची तर अजून धारही काढून झाली नाही."

तळावर फोन लागत होता. दुलमानं पहिल्याच घंटेला उचलला.

"मी निघाल्यावर दूध शिंपडलंस का?"

"तूच नको म्हणालास. भांडं तसंच ठेवलं, आंबून गेलं. का?"

त्यानं वळून गाडीकडे पाहिलं.

"बाद्राख. किती थेंब?"

थेंबांचं त्यानं तिला सांगितलेलंच नव्हतं.

"नऊ," तो म्हणाला.

मग ती म्हणाली, "पुसू नकोस. घरी ये."

शुक्रवारी संध्याकाळी तो घरी आला. ती बाहेर आली, पण त्याच्याकडे आधी आली नाही. वळसा घालून गाडीच्या मागे गेली. तिथं तिनं कव्हरवर तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. बाद्राख मला म्हणाला, गुरुजी, पाण्यात बसलो होतो तेव्हासुद्धा एवढं दुखलं नव्हतं. मग तिनं हात काढला आणि तोच हात, मातीचा, त्याच्या गालाला लावला. "अंगरखा कुठंय तुझा?" म्हणाली. "कुडकुडतोयस."

त्या हिवाळ्यात त्यानं चमचा कोरला. मी पाहिलाय. ओबडधोबड आहे, मधला खळगा जरा तिरका गेलाय. दुलमा तोच वापरते. त्याचा बरा होता, असं ती कधी म्हणाली नाही.

आता तो गावाबाहेरच्या पहिल्या राशीपाशी थांबतो, मागे जातो आणि स्टेपनीवरचे थेंब मोजतो. सवय लागली आहे. आम्ही एकदा बरोबर होतो, दुलमानं माझ्यासमोर चमचा एकदाच उडवला होता. तेव्हा मी विचारलं, "नऊच आहेत ना?"

"बहुतेक वेळा," तो म्हणाला.

मग वाकून त्यानं पुन्हा मोजले, आणि मला हातानं जवळ बोलावलं. माझे डोळे आता अधू आहेत, मी दोनदा मोजले, बोट लावून मोजले.

अठरा होते.